वडाळीच्या बांबूत, फजरनंतर

डिसेंबरात अमरावतीला फजरची नमाज आटोपली तरी सूर्य उगवायला बराच अवकाश असतो. शाळेची वेळ होण्याआधी मिळणारा हा तास-दीड तास छोट्या पक्ष्यांचा. वडाळी तलावाकडच्या बांबूच्या बनात तेव्हा नाचण, शिंपी, चष्मेवाला आणि थंडीपुरता पाहुणा आलेला लाल कंठाचा माशीमार, सगळेच जागे असतात. नसतो तो उजेड.

नवख्याकडे साधारण ३०० मिलिमीटरची साधी लेन्स असते. तिचे छिद्र ५.६ च्या पुढे उघडत नाही. मग उरतात दोन गोष्टी, शटर आणि आयएसओ. पुष्कळजण आयएसओ वाढवायला भितात, कारण फोटोत दाणे दिसतात. माझे मत उलट आहे. दाणे थोडेफार पुसता येतात, हललेला पक्षी मात्र कशानेच स्थिर होत नाही. आयएसओ ३२०० ठेवा, शटर १/२५० च्या आसपास. लेन्समध्ये कंपन रोखायची सोय असली तरी ती आपल्या हाताचे कंपन रोखते, पक्ष्याची हालचाल नव्हे. जाड कापडाची पिशवी शिवून तिच्यात ज्वारी भरली आणि कठड्यावर ठेवली की कॅमेऱ्याला चांगली उशी होते. फ्लॅश मात्र घरीच ठेवावा.

बाकीचे काम पक्ष्याचा स्वभाव करतो. माशीमार उडून कीटक टिपतो आणि बहुधा त्याच फांदीवर परत येतो. म्हणून त्याच्यामागे धावू नये, फांदीवर फोकस करून बसावे. शेपटी उडवली की क्षणभर थांबतो, तेव्हा बटण दाबावे. नाचणाचे काही सांगता येत नाही, तो थांबतच नाही!

अकोल्याजवळच्या कापशी तलावावर काम सोपे. उघड्या पाण्यावर उजेड लवकर येतो, काठावर धोबी पक्षी चालत असतात. शिकायला सुरुवात तिथूनच केलेली बरी.

हा छंद आला की सलीम अलींचे नाव निघतेच. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथून त्यांचे आयुष्यच बदलले. आज तो डाग पाहायला कुणाला मारावे लागत नाही.

आणि फोटो हा पुरावाही असतो. आपल्या मेळघाटातला रानपिंगळा १८८४ नंतर ११३ वर्षे कुणाला सापडला नव्हता. मधल्या काळात रिचर्ड माइनर्टझागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला होता. ते कातडे ब्रिटिश संग्रहालयातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेले निघाले. त्या चिठ्ठीच्या भरवशावर शोधणारे भलत्याच जागी फिरत राहिले. ती नोंद बाजूला सारल्यावर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. पुढे मेळघाटातही तो आढळला. म्हणून दाणेदार का असेना, खरी तारीख आणि खरी जागा लिहिलेला फोटो मला देखण्या फोटोपेक्षा मोलाचा वाटतो.

त्याच रानपिंगळ्याला मोबाइलवर आवाज वाजवून जवळ बोलावणारे हौशी लोक असतात. आपल्या इलाक्यात दुसरा नर घुसला असे समजून तो खाणे आणि पिल्ले सोडून धावतो. घरट्यासमोरच्या फांद्या मोडून उजेड करणारेही असतात. शाळेतली मुले सोबत असली की मी हे आधी सांगते, आयएसओ नंतर.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. शिंजीर दिवसभर त्यावर असतात आणि उजेड इतका की आयएसओ ४०० वर आणावा लागतो. लाल कंठाचा माशीमार त्यानंतर लवकरच उत्तरेला निघून जातो, त्यामुळे बांबूतली थंडीची सकाळ आताच गाठायला हवी.