पायगुण

ऑफिसच्या खुर्चीचं सगळं कौतुक कमरेच्या वर चालतं. पाठ जाळीची आहे का, हात खालीवर होतात का, मान टेकता येते का. खाली पाच जोडगोळ्या सगळा भार वाहत असतात, त्यांची साधी विचारपूसही कोणी करत नाही. मग चाकं आपलं अस्तित्व आवाजाने जाणवून देतात.

2020मध्ये कामं घरी आली आणि त्यांच्यामागून या खुर्च्याही आल्या. ऑफिसात पायाखाली गालिचा होता, घरी व्हिट्रिफाइड टाइल. दोन टाइलमधला प्रत्येक सांधा ओलांडताना 'खट'. खालच्या काकू जिना चढून आल्या, "रात्री अकराला काय सरकवता हो?"

दोष काकूंचाही नाही आणि खुर्चीचाही नाही. खोक्यातून बहुतेक वेळा निघतं ते नायलॉनचं काळं चाक, स्वभावाने कडक. गालिच्यावर ते रुबाबात चालतं, लोकरीत रुतत नाही. पण टाइलवर खडखडतं, आणि लाकडी जमिनीवर वाळूचा एक कण जरी खाली सापडला तरी ओरखडा उठवून जातं. त्याचं भावंड म्हणजे पीयूचं, अर्थात पॉलियुरेथेनच्या मऊ धावेचं चाक. टाइल, लादी, लाकूड यांवर ते आवाज न करता, जमीन धरून चालतं. जाड गालिच्यावर मात्र रुसून बसतं, ढकलल्याशिवाय हलत नाही. थोडक्यात, कडक जमिनीला मऊ चाक आणि मऊ जमिनीला कडक. युरोपच्या मानकात तर या दोघांची जात रंगावरून ओळखायची सोय आहे: कडक चाक एकरंगी, मऊ चाकाची धाव वेगळ्या रंगाची. आपल्याकडे दुकानदार "पीयूच आहे साहेब" म्हणाला, तरी धावेवर नख दाबून बघावं. किंचित दबली तर खरं.

एका गोष्टीत मात्र दोघंही गुणी. एका आसावर दोन चाकं शेजारी शेजारी असतात. खुर्ची वळली की एक पुढे जातं, दुसरं मागे, आणि जमीन न खरवडता वळण पार पडतं. शेजारी राहून तोंडं विरुद्ध दिशेला करायची आणि तरी काम अडू द्यायचं नाही, हे सख्ख्या भावांना क्वचित जमतं.

घराणं तसं नामांकित. डाउन हाउसमधल्या अभ्यासिकेत चार्ल्स डार्विनने आपल्या आरामखुर्चीला चाकं लावून घेतली होती, नमुन्यांपाशी झटकन पोचता यावं म्हणून.

पण चाक खादाड! केस, शिवणाचा दोरा, गजऱ्याची सुतळी, निरांजनाच्या वातीचा कापूस, समोर येईल ते आसाभोवती गुंडाळून घेतं. पोट भरलं की फिरायचं सोडून नुसतं घासत जातं. खुर्ची उलटी करून चिमट्याने ओढू लागलात तर राखाडी वेटोळं संपता संपत नाही. आतून कधीकधी हरवलेला रबरबँडही निघतो.

शहाबादीच्या खडबडीत, रुंद सांध्यांपुढे दोघंही हात टेकतात, तिथे खाली मॅटच घालावी. आणि जमिनीला मोरीकडे उतार असेल तर तुम्ही उठताच खुर्ची आपली मोरीकडे निघते. अशा घरांसाठी शिस्तीची चाकंही मिळतात, माणूस उठला की ती आपोआप ब्रेक लावून उभी राहतात.

चाक बदलायला पाना लागत नाही. खुर्ची उलटी करायची आणि सरळ ओढायचं. हट्टी असेल तर जरा हिसका द्यायचा. फक्त पिनेचं माप बघा. बहुतेकांची 11 मिलिमीटरची, आयकियाच्या बऱ्याच खुर्च्यांची 10ची. दुकानदार "बसतंय की" म्हणून 10ची पिन 11च्या भोकात सरकवून दाखवेल. बसतेही. घरी येऊन खुर्ची उचललीत की चाक मात्र जमिनीवरच राहतं, आपल्याला यायचंच नव्हतं अशा थाटात.