तबकडी भिंतीवर लावताना

आजोबांची तबकडी घेऊन लोक दुकानात येतात तेव्हा मनात चित्र पक्कं असतं. काळ्या मखमलीवर तबकडी चिकटवायची, शेजारी गायकाचा फोटो, खाली पितळी पट्टीवर नाव. मखमलीवर आणि पितळेवर माझं काही म्हणणं नाही. चिकटवण्यावर आहे. "काका, घरात ग्रामोफोनच नाही, वाजवणार कशावर?" असं ऐकवतात. तुमच्याकडे नाही, नातवाकडे येईल की! वाजवताच येऊ नये अशी करून ठेवलेली तबकडी भिंतीवर कशाला हवी?

७८ आरपीएमची तबकडी लाखेची. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून, गरम साच्यात दाबून काढलेली. त्यामुळे जड, आणि ठिसूळही. आमच्याकडे लाकडी पट्ट्यांना लावायचं पॉलिश लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच तयार होतं, म्हणून धूळ पुसायला कुणी स्पिरिटचा बोळा उचलला की मी ओरडतो. चकाकी आणायच्या नादात खाचाच जायच्या, आणि त्या तीनेक मिनिटांच्या गाण्याचं सगळं काही त्या खाचांतच आहे. नंतरच्या एलपी व्हिनाइलच्या. त्या सहसा फुटत नाहीत, पण उन्हात वाकतात. वरून हॅलोजनचा झोत सोडायची हौस दोन्ही बाबतींत आवरावी.

मधल्या भोकातून स्क्रू आवळायची एक सोपी पद्धत आहे. मला ती पटत नाही. सगळा भार भोकाच्या कडेवर येतो आणि वायसर लेबलावर घासतो. गायकाचं नाव, राग, तबकडीचा क्रमांक हे सगळं त्या लेबलावरच तर असतं. मी जाड बोर्डाचे थर एकावर एक लावून त्यात दहा इंचांचा गोल कापतो. तबकडी त्या गोलात बसते आणि खालची कमान तिचं वजन पेलते. वरून अ‍ॅक्रिलिकच्या चार छोट्या क्लिपा, आतून फेल्ट लावलेल्या. कडेला खाचा सुरू होण्याआधी जी कोरी किनार असते, तेवढ्यावरच त्या टेकतात. क्लिपा फिरवल्या की तबकडी हातात. काच चांगली अंतरावर.

कागदाचं दुखणं वेगळं. संगीत नाटकांची हँडबिलं, मैफलींच्या पत्रिका स्वस्त कागदावर छापलेल्या. त्यातल्या लाकडाच्या लगद्यामुळे त्या पिवळ्या पडतात, घडीवर तुटतात. मागे साधा पुठ्ठा लावला तर त्याचं आम्ल त्यात भर घालतं, म्हणून अ‍ॅसिड-फ्री माउंट बोर्डच घ्यायचा. कागद पूर्ण चिकटवायचा नाही. जपानी टिश्यूचे दोन तुकडे गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने फक्त वरच्या कडेला लावायचे, म्हणजे पावसाळ्यात कागद फुगला तरी त्याला हलायला जागा राहते. खळ पाण्याने सुटते. सेलोटेपचा तपकिरी डाग मात्र सहजासहजी जात नाही.

स्केचपेनची सही उजेडात उडते, फोटो थेट काचेला टेकला तर दमट हवेत तिलाच चिकटतो. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले 'मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले, त्या प्रयोगाचं हँडबिल अजून माझ्या हाती आलेलं नाही. आलं तर मूळ कागद मी टांगू देणार नाही. रंगीत प्रत फ्रेममध्ये आणि मूळ अंधाऱ्या, कोरड्या कपाटात. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

फ्रेमच्या पट्टीबद्दल फार बोलण्यासारखं नाही, आवडेल ती घ्या. पण खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावून घ्या, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. पावसाची झड खाणाऱ्या भिंतीवर तर टांगूच नका. तिथे बुरशी आणि कसर ठरलेली. मागच्या बोर्डावर कोण, कुठलं, कधीचं, कुणाकडून आलं हे पेन्सिलीने लिहून ठेवा.

आणि फ्रेम करायला टाकण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा, "उद्या हे जसंच्या तसं बाहेर काढता येईल ना?" "कशाला काढताय, मस्त चिकटवून देतो" असं उत्तर आलं, तर तबकडी उचला आणि दुसरं दुकान गाठा.