परतीचा हुकूम

इंग्लंडमध्ये अंतःस्रावशास्त्राच्या व्यवसायात माझी उमेदीची सारी वर्षे खर्ची पडली. त्यामुळे ‘ताण म्हणजे विष’ हे सरसकट विधान कानी पडले की मला माझ्या अॅडिसन-विकाराच्या रुग्णांची आठवण होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या म्हणजे माणूस कसा क्षीण होतो, त्याची त्वचा कशी काळवंडते आणि तो कसा मरण पावतो, हे लंडनच्या गायज रुग्णालयातील टॉमस अॅडिसन यांनी १८५५ साली प्रसिद्ध केले. अशा रुग्णाला आज आम्ही याच ग्रंथींतून पाझरणाऱ्या कॉर्टिसोलच्या गोळ्या देतो आणि ताप आल्यास मात्रा दुप्पट करण्याची सक्त ताकीदही देतो. कारण निरोगी देह जे निमूटपणे करतो, ते त्याला थर्मामीटर पाहून स्वहस्ते करावे लागते. ओकाऱ्यांमुळे गोळी पोटात ठरली नाही, तर वेळीच टोचून औषध न मिळाल्यास तो मृत्यूच्या उंबरठ्याशी जातो. हे ज्याने पाहिले आहे, त्याच्याने ताणाच्या प्रतिसादाची निंदा करवत नाही.

या प्रतिसादाचा कारभार एखाद्या हुजूर-कचेरीसारखा चालतो. संकटाची वर्दी मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकाला मिळते. तेथून पियूषिका ग्रंथीला आणि पियूषिकेकडून रक्तावाटे अधिवृक्काला फर्मान सुटते. अॅड्रिनलीन तर त्याआधीच मज्जातंतूंच्या जासुदाकरवी उधळलेले असते. यकृतातली साखर मोकळी होते, नाडी द्रुत होते, पचनासारखी बिनतातडीची खाती तहकूब होतात. आणि काम उरकले म्हणजे कॉर्टिसोल स्वतःच हुजुरात रुजू होऊन पहिले फर्मान रद्द करविते. या परतीच्या हुकुमावर सारे आरोग्य अवलंबून आहे. तो निघालाच नाही, तर रक्तदाब व रक्तशर्करा चढत्या राहतात आणि रक्षणासाठी आलेली फौज मुलखातच ठाण मांडून बसते.

ती कोणाच्या देहात ठाण मांडते? समज असा होता की मोठ्या जबाबदारीच्या साहेबांच्या. लंडनच्या व्हाइटहॉल भागातील सरकारी कचेऱ्यांत १९६७ साली सतरा हजारांहून अधिक पुरुष नोकरांची पाहणी सुरू झाली, तेव्हा हा समज उलटा पडला: हृद्रोगाने होणारे मृत्यू सर्वोच्च हुद्द्यांपेक्षा शिपाई-हरकाऱ्यांत तिपटीहून अधिक होते. त्यांतले कोणी उपाशी नव्हते, सरकारी वैद्यकसेवा सर्वांना विनामूल्य होती, आणि धूम्रपानादी कारणे जमेस धरूनही तफावतीचा मोठा भाग शिल्लकच राहत होता. शिवाय ती केवळ तळाशी नव्हती, प्रत्येक पायरीवरच्या माणसाची गत वरच्यापेक्षा वाईट होती. १९८५ साली मायकेल मार्मट यांनी १०,३०८ स्त्री-पुरुषांची दुसरी पाहणी आरंभिली, आणि तीत आढळले की आपले काम कसे व केव्हा करावे याचा अखत्यार ज्यांच्या हाती कमी, त्यांना हृद्रोग अधिक. यांतील काहींनी जागे होताच तोंडात कापसाची वळकटी धरून दिलेल्या लाळेतही कामाचा ठसा दिसला: कॉर्टिसोलची सकाळची चढण सुटीच्या दिवसापेक्षा कामाच्या दिवशी अधिक होती. कारकुनाला प्राणायामाचा उपदेश करणारे साहेब मी पुष्कळ पाहिले. त्याच्या कामाची वेळ त्यालाच ठरवू देणारे मात्र अगदी थोडे.

माझे वडील एका जिल्ह्याच्या कचेरीत कारकून होते. काम फारसे नसे. पण साहेबांची घंटा केव्हा वाजेल याचा नेम नसे, आणि रविवारी देवघरातली घंटा वाजली तरी ते पानावर दचकत. आईने ती घंटा मुकाट्याने कोनाड्यात ठेवून दिली. वडिलांना पेन्शन होऊन दोन वर्षे लोटल्यावर एका सकाळी त्यांनीच ती पुसून पुन्हा देवापुढे आणून ठेवली.