किल्ल्यातली खिडकी

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी काय करावे, यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी मूळ लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. मुलीचे म्हणणे, हॉल घ्यावा. धाकट्या भावाचे म्हणणे, सत्यनारायण घालावा. सौ. मात्र मेथी निवडता निवडता शांतपणे म्हणाली, "मला एक खोली हवी. तिला खिडकी हवी. आणि खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसता कामा नयेत."

ज्यांनी गिरगावातल्या चाळीत आईवडील, दोन भाऊ आणि एक पडदा एवढ्या सामग्रीवर संसार मांडला असेल, त्यांना या मागणीचा अर्थ समजावून सांगायला नको. लग्नानंतर आम्ही कोठे गेलोच नव्हतो. "पुढल्या वर्षी जाऊ," असे मी तेव्हा म्हणालो होतो. ते पुढले वर्ष उजाडायला पंचवीस वर्षे लागली.

जैसलमेर मी सुचवले. लग्न ठरल्यावर आम्ही दोघांनी प्रथम बरोबर पाहिलेला चित्रपट म्हणजे सत्यजित राय यांचा १९७४ सालचा 'सोनार केल्ला'. त्यातला तो सोन्याचा किल्ला तेव्हापासून मनात घर करून होता. रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवलेले हे गाव. सुमारे २५० फूट उंचीची त्रिकूट टेकडी, तिच्यावर पिवळ्या दगडाचा कोट, त्याला ९९ बुरूज. आणि विशेष म्हणजे आत आजही हजारो माणसे नांदतात. कन्येने मोबाइलवर खोल्या दाखवायला सुरुवात केली. वाळवंटातले तंबू झाले, हवेल्या झाल्या, आणि मग ती दिसली! थेट किल्ल्यात, तटाला लागून, नक्षीदार झरोका असलेली खोली. भाडे ऐकून मी क्षणभर डोळे मिटले आणि "घे" म्हणालो.

जोधपूरला गाडी बदलून आम्ही डिसेंबरातल्या एका सकाळी पोहोचलो. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ असे चार दरवाजे चढून दसरा चौकात आलो तेव्हा माझ्या गुडघ्यांनीही आपापला रौप्यमहोत्सव साजरा केला होता. पण खोली! झरोक्यात दोघांना बसता येईल असा कट्टा, खाली सगळे गाव, आणि गावापलीकडे क्षितिजापर्यंत उजाड माळ. "कशी आहे?" मी विजयी मुद्रेने विचारले.

उत्तर आले नाही. सौ. न्हाणीघराच्या भिंतीवर तळवा टेकवून उभी होती. "ओल आहे हो," ती म्हणाली.

चहा घेऊन आलेले वृद्ध मालक प्रांजळ होते. त्यांनी काही लपवले नाही. पूर्वी पाणी गडीसर तलावावरून डोक्यावर यायचे; घड्याघड्याचा हिशेब असायचा. मग घरोघर नळ आले, पाहुण्यांसाठी न्हाणीघरे आली. एवढे पाणी वाहून नेण्याची सोय त्या जुन्या किल्ल्यात कुठली? ते गळून टेकडीत मुरू लागले. टेकडीच्या पोटात मऊ, मातकट खडकाचे थर आहेत. ते भिजले की वरचा भार पेलेनासा होतो. काही बुरूज नि भिंती ढासळल्या. १९९६ मध्ये जगातल्या धोक्यात आलेल्या वास्तूंच्या एका यादीत हा किल्ला गेला. २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांत त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. दुरुस्त्याही झाल्या, पण मुरणाऱ्या पाण्याला मानपत्र वाचता येत नाही.

रात्री सौ.ने विषय काढला. "आपण खाली गावात राहू या का?"

मला राग आला, हे कबूल करतो. पंचवीस वर्षांनी एक खिडकी मिळाली, तर हिला भिंतीची काळजी! "आपल्या दोन बादल्यांनी काय किल्ला पडणार आहे?" मी म्हणालो.

"चाळीत वरच्या बिऱ्हाडाचे लोकही हेच म्हणायचे," ती म्हणाली. "सात वर्षं त्यांच्या मोरीचं पाणी आपल्या भिंतीत झिरपत होतं. तुम्ही ऑफिसात असायचात. भिंत मी पुसायची."

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. सात वर्षे ती भिंत पुसत होती, आणि हे ती मला प्रथमच सांगत होती.

सकाळी मालकांना सांगितले, तेव्हा ते रागावले नाहीत, पण म्हणाले, "सगळेच खाली गेले तर आम्ही खायचं काय? आम्ही तर पिढ्यान् पिढ्या इथेच राहतो." प्रश्न खोटा नव्हता. आम्ही राहिलेल्या दिवसांचे पैसे परत मागितले नाहीत, दुपारचे जेवण रोज त्यांच्याकडेच घेतले, आणि त्यांच्या पुतण्याला वाटाड्या म्हणून बरोबर नेले. त्याने किल्ल्यातली जैन मंदिरे दाखवली, पटवांच्या पाच हवेल्या दाखवल्या. नथमल हवेलीचे दोन अर्धे दोघा भावांनी वेगवेगळे कोरले, म्हणून ते हुबेहूब जुळत नाहीत, हेही दाखवले. "संसारासारखंच," सौ. पुटपुटली.

वाचकहो, तुम्ही जाणार असाल तर अनुभवाचे चार शब्द. थंडीत जा, पण पांघरूण मागून घ्या. वाळवंटातली रात्र झोंबते. खोली घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: पायऱ्या किती, गरम पाणी किती वाजता आणि सांडपाणी जाते कुठे. तिसऱ्या प्रश्नावर पलीकडचा माणूस थोडा गप्प होईल, तरी विचारा. आणि किल्ल्याच्या पश्चिमेकडची गच्ची मागा, म्हणजे मावळतीचे ऊन तटावर पडताना समोर दिसते.

आम्हाला ही गोष्ट खाली आल्यावरच कळली. किल्ल्यात राहणाऱ्याला किल्ला दिसत नाही. त्या संध्याकाळी आमच्या साध्या विश्रामगृहाच्या गच्चीवर, एका शालीत दोघे बसलो असताना, चित्रपटात पाहिलेला तो पिवळा कोट हळूहळू तांबूस होत गेला आणि मग एकाएकी विझला.

खोलीत परतलो. सौ.ने खिडकी उघडली आणि खो खो हसत सुटली. समोरच्या घराच्या गच्चीवर दोरीवर दोन धोतरे, एक ओढणी आणि लहान मुलांचे सदरे वाळत होते.

"बंद करू का?" मी विचारले.

"राहू द्या," ती म्हणाली. "वर किल्ला दिसतोय."