चाळीसगावचा मेळ

नकाशावर धुळे आणि जळगाव शेजारी दिसतात. पारोळा, एरंडोल करीत एस.टी.ने गेले तर अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही. रेल्वेने जायचे म्हटले की मात्र आधी दक्षिणेला चाळीसगाव गाठावे लागते आणि तेथे गाडी बदलून जळगावकडे वळावे लागते. अंतर दीडशेच्या घरात जाते. चाळीसगाव-धुळे हा सुमारे 56 किलोमीटरचा फाटा 1900 साली सुरू झाला. तेव्हापासून धुळेकरांच्या रेल्वेप्रवासाचे भवितव्य चाळीसगावच्या फलाटावर ठरत आले आहे.

आम्हां कॅथलिक कुटुंबांना हे अधिक जाणवते, कारण आम्ही विखुरलेले आहोत. 1987 मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात आमचा खानदेश येतो. पण आमचे सोयरे कुठे भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, कुठे वसईत, कुठे मुंबईत. बाप्तिस्मा, पहिले कम्युनियन, लग्न यांच्या तारखा आधी कळतात. मृत्यूची बातमी तशी येत नाही. दफनविधीची मिस्सा चार वाजता असली, तर ती चारलाच सुरू होते.

पूर्वी धुळ्याचे डबे चाळीसगावला मुंबईच्या गाडीला जोडले जात. इंजिनाचा धक्का बसून डबा जोडला गेला की आमच्या घरातील वडीलधाऱ्या बायका झोपेतच क्रूसाची खूण करीत. आपल्याला उतरायचे नाही, सामान उचलायचे नाही, हे त्या धक्क्याने कळे. 2023 मध्ये धुळे-मुंबई थेट गाडी सुरू झाली, तिचे आम्हांला अप्रूपच आहे. परंतु थेट गाडी सर्वांच्या गावाला कशी जाणार? जळगाव, भुसावळ, नागपूरकडे जाणाऱ्यांना चाळीसगाव चुकत नाही.

मुख्य मार्गावरील गाडी उशिरा आली, तर फाट्यावरील गाडीने थांबावे का? थांबावेच, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण फाट्यावर तेच डबे दिवसभर ये-जा करतात. सकाळी अर्धा तास थांबलेली गाडी तो अर्धा तास दिवसभर ओढत नेते, आणि धुळ्याहून पुढची गाडी पकडण्यासाठी निघालेल्यांचा मेळ मोडतो. म्हणून आमचे मत असे की, सकाळच्या गाडीने थांबू नये; तिच्यामागे दुसरी आहे. दिवसाच्या शेवटच्या गाडीने मात्र थांबावे. तिच्यामागे काहीच नाही, आणि रात्री म्हाताऱ्या माणसाने बाकावर पहाट होण्याची वाट पाहावी हे बरे नव्हे.

1 एप्रिल 2019 पासून दोन आरक्षित तिकिटे एकमेकांशी जोडता येतात. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात. सोय चांगली आहे. दफनविधीला निघालेल्याला तिचा उपयोग किती, हे सांगायला नको.

स्वित्झर्लंडने याच प्रश्नाचा विचार उलट्या टोकाने केला. तेथील जनतेने 1987 च्या डिसेंबरात मतदानाने एक योजना मंजूर केली. तीत आधी वेळापत्रक ठरले, मग त्याला लागणारे रूळ बांधले गेले. मोठ्या स्थानकांत चोहोबाजूंच्या गाड्या एकाच सुमारास याव्यात, प्रवाशांनी फलाट ओलांडावा आणि काही मिनिटांत सर्व गाड्या सुटाव्यात, अशी ती रचना. त्यासाठी बर्न ते झुरिक हा प्रवास तासाच्या आत बसवणे भाग होते. 2004 च्या डिसेंबरात नव्या मार्गाने तो बसवला गेला. वेग हवा होता तो मेळापुरताच. आमच्याकडे मालगाड्यांची वर्दळ आणि अंतरे पाहता हे जसेच्या तसे जमणार नाही, हे मान्य.

तरी एक संधी समोर आहे. मनमाड-इंदूर नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 सप्टेंबर 2024 रोजी मंजुरी दिली. 309 किलोमीटरचा हा मार्ग धुळ्यावरून जाणार आहे. शिरपूर-सेंधव्याकडून येऊन धुळ्याला उतरणाऱ्या प्रवाशाला चाळीसगावची गाडी कोणत्या फलाटावर आणि किती मिनिटांनी मिळेल, हे रूळ पडण्याआधीच कोणीतरी कागदावर मांडून ठेवावे.