डेऱ्याची इंग्रज सून

पंजाबात रावीच्या काठी डेरा बाबा नानक नावाचं एक लहानसं गाव आहे. २०१९ साली करतारपूरचा मार्ग इथूनच खुला झाला, तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांत झळकलं. त्याच्या कितीतरी आधी, १९४१ साली, या गावात एका इंग्रज सुनेला पोलिसांनी अटक केली होती. तिचं नाव फ्रेडा बेदी. चित्रपट अभिनेता कबीर बेदी हा तिचाच मुलगा.

फ्रेडा १९११ मध्ये इंग्लंडमधल्या डर्बी शहरात जन्मली. वडील पहिल्या महायुद्धात कामी आले. ऑक्सफर्डला शिकताना तिची ओळख प्यारेलाल बेदी या धिप्पाड पंजाबी तरुणाशी झाली. बेदी म्हणजे गुरू नानकांचं कूळ, म्हणून नावामागे ‘बाबा’ ही उपाधी. वडीलधाऱ्या बाईला सोबत न घेता ती त्याच्या खोलीवर गेली, एवढ्यावरून कॉलेजनं तिला शिक्षा केली. पण मन बसलं होतं. जून १९३३ मध्ये दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि पुढच्याच वर्षी तान्ह्या रंगाला घेऊन ती हिंदुस्थानात आली.

सासूबाई जुन्या वळणाच्या. सून मात्र गोरी, परक्या धर्माची, परक्या भाषेची! फ्रेडा पांढरी सुती साडी नेसून आली आणि वाकून सासूबाईंच्या पाया पडली. पुढे सलवार-कमीज तिच्या अंगवळणी पडला.

लाहोरजवळ मॉडेल टाऊनच्या बाहेर दोघांनी झोपड्यांत संसार थाटला. तिथे वीजही नव्हती. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची, लेख लिहायची आणि खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांच्या सभांत बोलायची. ‘बिहाइंड द मड वॉल्स’ या पुस्तकात तिनं पंजाबी खेड्यांविषयी लिहिलं.

पण पोशाख बदलला, भाषा आली, म्हणजे सासर आपलं होतं का? खरी परीक्षा पुढेच होती.

महायुद्ध सुरू होतं. १९४० च्या अखेरीस सरकारनं प्यारेलालना पकडून देवळीच्या छावणीत ठेवलं. घरी सहा वर्षांचा मुलगा. अशा वेळी ‘मी इंग्रज आहे’ म्हणून ती गप्प बसली असती, तर कोण बोल लावणार होतं? पण गांधीजींच्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी तिनं नाव दिलं आणि जागा निवडली ती पतीच्या पूर्वजांचं गाव, डेरा बाबा नानक. २१ फेब्रुवारी १९४१ रोजी तिला अटक झाली. सहा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली गेली. स्वतःच्याच देशबांधवांच्या राज्यात ती लाहोरच्या तुरुंगात बागेची कामं करू लागली.

१९४७ मध्ये फाळणी झाली, लाहोर कायमचं सुटलं. बेदी कुटुंब काश्मीरला गेलं. उतारवयात फ्रेडानं बौद्ध भिक्षुणीची दीक्षा घेतली. १९७७ मध्ये दिल्लीत तिनं देह ठेवला. माहेरी ती कायमची परतली नाही.

परक्या घरात आलेल्या मुलीकडून आपण पहिल्या दिवशी पदर, पोळी आणि नमस्कार यांची अपेक्षा करतो. तेही हवंच. पण घरावर वेळ येते तेव्हा ती कुणाच्या बाजूनं उभी राहते, यावरून ती आपली झाली की नाही ते कळतं. आणि आपणही तिच्या बाजूनं उभे राहिलो का, हेही त्याच वेळी कळतं.