म्हादई आणि आमची मानस

म्हादईचा विषय निघाला की आम्हां गोवेकरांचा आवाज चढतो. माझाही चढतो. १४ ऑगस्ट २०१८ रोजी जलविवाद लवादाने निवाडा दिला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४. कर्नाटकाच्या वाट्यातले ३.९ टीएमसी म्हादईच्या खोऱ्याबाहेर वळवायचे, खरं दुखणं तिथंच आहे. नदी एकदा वळवली की खाली खारं पाणी वर सरकणार, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

पण आपल्या वाटणीच्या २४ टीएमसीचं नियोजन काय, हे मात्र कुणी विचारत नाही. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भूमीत मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते!

आमचं गाव खाजनातलं. पाण्याचं नियोजन हा शब्द ठाऊक नसलेल्या माणसांनी इथं चिखल-मातीचे बांध घालून खाडीला थोपवलं. बांधात मानस. तिच्या लाकडी झडपा भरतीच्या लोटाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. ना वीज, ना पंप. पावसाचं गोडं पाणी आत राहतं, जादा पाणी बाहेर जातं, कोरगुट भात पिकतं आणि शेजारच्या बांयीचं (विहिरीला आम्ही बांयच म्हणतो) पाणी खारं होत नाही. हे बांध राखायचं काम कोमुनिदादीचं होतं. कुळकायद्यानंतर ते कुळसंघांकडे आलं. तिथून पुढं हळूहळू ते कुणाचंच राहिलं नाही.

मानशीतल्या मासळीची पावणी होते. पावणी घेणाऱ्याला मासे हवेत, म्हणून तो झडपा नको तेव्हा उघड्या ठेवतो. खारं पाणी आत येतं. दोन-तीन वर्षं असं चाललं की शेत पडीक पडतं आणि पडीक शेतावर कुणाची नजर असते ते तुम्हांला ठाऊकच आहे.

गेल्या एप्रिलच्या ग्रामसभेत मी झडपांचा विषय काढला. एक फळी पार कुजलीय. म्हादईच्या ठरावाला सगळ्यांनी हात वर केले, दोन मिनिटांत. फळीचा खर्च पंचायतीने करावा की कुळसंघाने, यावर तासभर वाद झाला. शेवटी तिघांची समिती नेमली. मीही त्यात आहे. सुतार म्हणतो, पाऊस लागायच्या आत लाकूड आणून द्या.